सातव्या ओळीचं शुद्धिपत्र

शुद्धिपत्र छापून निघालं असतं, तर सगळ्यात जास्त पदरात पडणार होतं ते तात्यासाहेब निकमांच्या. मुंबईहून येणारे रागाचे फोन थांबले असते. नाट्यरसिक मंडळाच्या तहहयात अध्यक्षपदातलं 'तहहयात' शाबूत राहिलं असतं. शिवाय त्यांच्या धाकट्या मुलीला एका मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीचं काम कबूल झालं होतं, सात भागांचं. त्यातल्या दोन भागांत तिला बोलायचंसुद्धा होतं. ते काम परत मिळालं असतं. आणि या सगळ्याच्या बदल्यात लागत होती फक्त एक सही. तीही त्यांची नाही, माझी.

म्हणून शनिवारी सकाळी छापखाना उघडतो न उघडतो तोच ते पायरीवर हजर. बरोबर डॉक्टर मेहेंदळे, म्हणजे आमच्या पिंपळकोंडचे दातांचे डॉक्टर आणि मंडळाचे उपाध्यक्ष. मागोमाग मंडळाच्या कार्यवाह, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या देशिंगकर बाई.

"कुमुदताई, चहा नको," तात्यासाहेब बसता बसताच म्हणाले.

तात्यासाहेबांनी चहा नाकारला की काम मोठं असतं, हे मला वीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

"किती प्रती?" मी विचारलं.

"कशाच्या?"

"जे छापायचंय त्याच्या."

"एकच पुरे," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "पण तारीख चौदा महिन्यांपूर्वीची पाहिजे."

पलीकडे कॉम्प्युटरवर मालन एका बारशाची पत्रिका लावत होती. तिची बोटं क्षणभर थांबली आणि परत चालू झाली.

चौदा महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आधी सांगायला हवं. यशोधन बावडेकर हा नट तेव्हा घराघरांत होता. रोज संध्याकाळी मालिकेत दिसायचा आणि शनिवार-रविवार नाटकाचे दौरे करायचा. त्या शनिवारच्या साधारण तीन वर्षं आधी आमच्या गावी त्याचा प्रयोग झाला. प्रयोग संपवून तो निघाला आणि गावाबाहेर, जुन्या जकात नाक्यापाशी, त्याच्या गाडीनं एका सायकलस्वाराला उडवलं. गाडी थांबली नाही. माणूस जागच्या जागी गेला. दुसऱ्या दिवशी बावडेकरचा ड्रायव्हर जालिंदर खिलारे पोलिसांत हजर झाला आणि म्हणाला, गाडी मी चालवत होतो. जालिंदर आमच्याच गावचा. माझ्याकडे टाईप करणारी मालन ही त्याची बायको.

नाक्यावरच्या टपरीवाल्यानं मात्र स्टिअरिंगवर बावडेकरला पाहिलं होतं. त्यानं तसं सांगितलं, खटला उभा राहिला, आणि दोन वर्षांनी बावडेकर संशयाचा फायदा मिळून सुटला. जालिंदरला कबुलीवरून दोन वर्षांची शिक्षा झाली आणि तो कोल्हापूरच्या तुरुंगात गेला.

'संशयाचा फायदा' हे शब्द आमच्या गावात कुणी वाचले नाहीत. 'निर्दोष' एवढंच वाचलं. चौकात पेढे वाटले गेले, आणि मंडळानं सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर नेहमीप्रमाणे मी लिहिला, मालननं टाईप केला. खाली अकरा जणांच्या सह्या, पहिली तात्यासाहेबांची. एक प्रत चौकटीत घालून बावडेकरला दिली, आणि दोनशे प्रती गावात वाटल्या.

त्यातली एक प्रत मेलेल्या माणसाच्या भावानं सरकारी वकिलाकडे नेली. सरकारनं सुटकेविरुद्ध अपील केलेलंच होतं. मग हायकोर्टानं तात्यासाहेबांना साक्षीला बोलावलं.

कारण त्या मानपत्रातली सातवी ओळ अशी होती: 'आमच्या नगरीतील गतवेळच्या प्रयोगानंतर, थकलेल्या आपल्या चालकास मागील आसनावर निद्रा घेण्यास सांगून, स्वतः सारथ्य पत्करून मार्गस्थ होणारे आपण साधेपणाचे मूर्तिमंत प्रतीक आहात.'

कोर्टात वकिलानं विचारलं, ही सही तुमची का? तात्यासाहेब म्हणाले, माझीच, पहिली. मजकूर खरा का? यावर ते चांगलेच दुखावले म्हणतात. "मानपत्रात खोटं कसं असेल साहेब?" असं त्यांनी हायकोर्टाला विचारलं. तोपर्यंत पोलिसांना ते तीन वर्षं सांगत आले होते की निघताना मी आत होतो, काही पाहिलं नाही.

त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी निकाल लागला. सुटका रद्द. तीन वर्षं सक्तमजुरी.

त्या आठवड्यात पिंपळकोंडमध्ये जे झालं ते मी कॅलेंडरांवरून मोजलं. दरवर्षी माझ्याकडे पंधरा-वीस कॅलेंडरं उरतात आणि रद्दीत जातात. त्या वर्षी गुरुवार ते शुक्रवार, ऑगस्ट महिन्यात, सगळी संपली. कारण सत्कारात ज्यांनी ज्यांनी बावडेकरच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढला होता, त्यांना भिंतीवरच्या त्या चौकोनावर काहीतरी टांगायचं होतं. फोटो काढला तर भिंतीचा रंग उघडा पडतो, त्यापेक्षा वर कॅलेंडर बरं. डॉक्टर मेहेंदळ्यांनी दोन नेली. दौऱ्यात एकदा बावडेकरच्या दाढेतलं सिमेंट निघालं होतं, ते त्यांनी बसवलं होतं, आणि तेव्हापासून दवाखान्यात त्याचा हसरा फोटो होता, खाली 'आमचे समाधानी रुग्ण'. फोटो झाकायला एक कॅलेंडर आणि 'समाधानी रुग्ण' झाकायला दुसरं.

"मला त्याचे डोळे पहिल्यापासूनच बरे वाटले नव्हते," कॅलेंडर गुंडाळताना डॉक्टर मला म्हणाले होते.

"तुम्ही तर दात बघितले होते."

"तेही हलणारेच होते."

तर असे हे डॉक्टर आता माझ्यासमोर बसले होते, आणि तात्यासाहेबांनी खिशातून काढलेला कागद माझ्यापुढे आला होता. वर 'शुद्धिपत्र' असा मथळा. खाली: 'मानपत्रातील ओळ सातवी. "स्वतः सारथ्य पत्करून" याऐवजी "स्वतः सारथ्य न पत्करता" असे वाचावे. मुद्रणदोषाबद्दल दिलगीर आहोत.' आणि सगळ्यात खाली 'मुद्रक', आणि पुढे माझ्या सहीसाठी मोकळी जागा. चांगली ऐसपैस.

"बावडेकरांचे वकील दिल्लीला अपिलात चाललेत," तात्यासाहेब म्हणाले. "त्यांचं म्हणणं, छपाईची चूक होती असा छापखान्याचा कागद मिळाला तर सगळा पुरावाच ढासळतो."

"मग जालिंदरचं काय?" मी विचारलं. "त्याच्या सुटकेचा अर्ज सोमवारी आहे. बावडेकर दोषी ठरला म्हणूनच तो अर्ज झालाय. हा कागद गेला तर सरकारी वकील म्हणतील, थांबा, दिल्लीचं बघू. आणि तो बसेल आत."

"त्याचं पुढं बघता येईल," तात्यासाहेब म्हणाले. मालन खोलीत आहे हे त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असावं, कारण ते खिडकीकडे बघून बोलत होते.

"आणि व्याकरणदृष्ट्या म्हणाल," देशिंगकर बाई मध्ये पडल्या, "तर एका 'न'चाच प्रश्न आहे, कुमुदताई. फार नाही."

"बरं," मी म्हटलं. "मालन, पत्रिका राहू दे. मानपत्राची फाईल उघड. सातव्या ओळीत तो 'न' घालून दाखव बघू."

मालननं माझ्याकडे बघितलं. मग फाईल उघडली. मी चष्मा लावून तिच्या मागं उभी राहिले आणि मोठ्यानं वाचलं: "'थकलेल्या आपल्या चालकास मागील आसनावर निद्रा घेण्यास सांगून, स्वतः सारथ्य न पत्करता मार्गस्थ होणारे आपण...'"

"मग गाडी कोण चालवतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हेच दिल्लीतही विचारतील," मी म्हणाले.

तात्यासाहेब उठून स्क्रीनपाशी आले. "चालकाला मागं कशाला झोपवलंय? 'मागील' काढा. 'पुढील आसनावर' करा."

"'पुढील आसनावर निद्रा'?"

"निद्रा काढा हो! 'बसण्यास' करा."

मालननं केलं. मी वाचलं: "'थकलेल्या आपल्या चालकास पुढील आसनावर बसण्यास सांगून, स्वतः सारथ्य न पत्करता मार्गस्थ होणारे आपण साधेपणाचे मूर्तिमंत प्रतीक आहात.'"

"यात साधेपणा कुठं आला?" देशिंगकर बाईंच्यातली परीक्षक जागी झाली. "माणूस थकलाय आणि त्यालाच गाडी चालवायला लावलीय. हा तर दुष्टपणा झाला."

"'थकलेल्या' काढा," तात्यासाहेब म्हणाले.

"मग उरतं काय, तर ड्रायव्हर गाडी चालवतो आणि मालक मागं बसतो," मी म्हणाले. "हे सगळ्याच गाड्यांत होतं. त्याचं मानपत्र कशाला? शिवाय एका ओळीत चार चुका केल्या असं मी लिहून दिलं, तर माझ्याकडे उद्या कोण साधी पावती छापायला येईल?"

डॉक्टर हसले. तात्यासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर थांबले. पण त्यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं, आणि डॉक्टरांच्या डोक्यात शिरलेलं तोंडावाटे बाहेर आल्याशिवाय राहत नाही.

"अहो, चूक कशाला म्हणायची?" ते उत्साहानं म्हणाले. "ज्यानं टाईप केलं त्यानं ही ओळ मुद्दाम आत घुसवली असं म्हणा. मूळ मजकुरात ओळच नव्हती! म्हणजे 'न' नको आणि निद्रा नको. टाईप कुणी केलं होतं?"

तात्यासाहेब खोकले. देशिंगकर बाई पर्समध्ये काही शोधू लागल्या.

मालननं खुर्ची फिरवली. "मी," ती म्हणाली.

"हं. तर तुम्ही... म्हणजे आपण..."

"मी जालिंदर खिलारेची बायको, डॉक्टर. तुम्ही माझ्या सासूची कवळी केली होती."

डॉक्टरांना कवळी आठवली असावी. ते गप्प झाले. पण तात्यासाहेब गप्प झाले नाहीत, हे मला जास्त खटकलं. ते विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू डॉक्टरांचा विचार उतरत होता आणि त्यांना तो आवडत होता.

"तसं बघितलं तर," ते मला म्हणाले, मालनला नाही, "कोर्टाला हे पटकन पटेल. नवरा आत, बायको टाईपला. कुणालाही वाटेल, तिनंच घातली. पोरीला काही होणार नाही, मी बघतो. फार तर ताकीद. तुम्ही फक्त एवढंच लिहायचं, की मी दिलेल्या मजकुरात ही ओळ नव्हती."

"ही ओळ तुम्ही सांगितलीत, तात्यासाहेब. याच खुर्चीत बसून. 'साधेपणाचा एक प्रसंग घाला, प्रसंगाशिवाय मानपत्र पोकळ वाटतं,' असं म्हणून."

"सांगितली असेन. बोलण्यात माणूस काहीही सांगतो. लिहिलेलं तुमचं आहे."

"आणि छापलेलं माझं," मालन म्हणाली. "बरोबर?"

"मालन, तू मध्ये बोलू नकोस. तुझ्याच भल्याचं चाललंय. बावडेकरांनी तुम्हाला घर देतो म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतं. दोन महिन्यांत सोडवून आणतो असंही म्हटलं होतं. पैसे तीन महिने आले. मग फोन लागायचा बंद झाला." तिचा आवाज चढला नाही. "आमची चूक आम्ही भोगतोय, तात्यासाहेब. ह्यांनी खोटं सांगितलं, मी सांगू दिलं. पण ही ओळ खोटी नव्हती. मी घातलेलीही नव्हती."

"कुमुदताई," तात्यासाहेब माझ्याकडे वळले, "कारखान्याचा वार्षिक अहवाल पुढच्या महिन्यात छापायचाय. मी संचालक आहे म्हणून तो दरवर्षी इकडे येतो. मला तुमच्यावर दबाव आणायचा नाही."

"नाही, नाही. दबाव कसला," मी म्हणाले.

"शेवटी बघा, साक्षीदार कोण आहे? टपरीवाला, त्याला कोर्टानं एकदा खोटं ठरवलंय. आणि मी. मी म्हटलं की मी आत होतो, पाठमोरा होतो, ऐकीव सांगितलं, तर बाकी कुणीच तिथं नव्हतं."

आता इथं मला गप्प राहता आलं असतं. गप्प राहण्याची मला सवय होती, आणि मला ती चांगली जमायची. शुद्धिपत्रावर सही करायची नाही एवढं मी ठरवलंच होतं. "विचार करून सांगते" म्हणून सोमवार काढला असता तरी जालिंदरचा अर्ज पार पडला असता. पण तात्यासाहेब मालनकडे बघत होते. एखाद्या ओळीतला कुठला शब्द काढला तर वाक्य बसेल, असं बघतात ना, तसं.

"मी होते तिथं," मी म्हणाले.

"कुठं?"

"नाट्यगृहाच्या पायरीवर. तिकिटांची पेटी माझ्याकडे होती, रिक्षाची वाट बघत उभी होते. तुम्ही गाडीपाशी होतात. आत नव्हतात आणि पाठमोरे तर मुळीच नव्हतात, तुमच्या हातात त्यांचा हार होता. बावडेकर माझ्याजवळून गाडीकडे गेले तेव्हा त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्यांनी जालिंदरच्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाले, 'तू झोप मागं, आज मी चालवतो.' तुम्ही टाळी वाजवलीत. 'केवढा साधा माणूस!' म्हणालात. मी ऐकलंय."

देशिंगकर बाईंनी पर्स बंद केली. त्या आवाजानं डॉक्टर दचकले.

"हे तुम्ही सांगणार?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"सोमवारी कोल्हापूरला जाते. सांगते."

शुद्धिपत्राचा कागद तात्यासाहेबांनी घडी घालून परत खिशात ठेवला. उठताना म्हणाले, "तुम्ही फार उशिरा बोललात, कुमुदताई." त्यांना अर्थातच एवढंच म्हणायचं होतं, की आधी कळलं असतं तर ते हा कागद घेऊन आलेच नसते. दारात डॉक्टर मागं राहिले, हळूच म्हणाले, "मला पहिल्यापासूनच वाटत होतं, तात्या तिथं असणार म्हणून," आणि गेले.

मी चहा सांगितला. मनातून मी जरा खूश होते, खोटं कशाला बोलू. वर्षानुवर्षं तात्यासाहेबांपुढं असं कुणी बोललं नव्हतं.

मागं वळले तर मालन तशीच बसली होती. खुर्ची माझ्याकडे फिरवलेली.

"ताई, तुम्ही बघितलं होतं?"

मी चष्मा काढून पदराला पुसू लागले.

"मानपत्राचं प्रूफ घेऊन मी तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "तुम्हाला विचारलं, ही ओळ अशीच ठेवायची का? तुम्ही चष्म्यावरनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणालात, मजकूर समितीचा आहे, आपण फक्त काना-मात्रा बघायची. मला वाटलं, ताईंना कळलंय. ताईंनी माझ्यासाठी ठेवलीय. म्हणून तर मी एक प्रत त्या आनंदा शेवाळेच्या भावाला नेऊन दिली. देवासारख्या वाटला होतात मला."

आनंदा शेवाळे म्हणजे सायकलवरचा माणूस. दूध संस्थेत कॅन धुवायचा. तीन वर्षांत आमच्या मंडळाच्या कुठल्याही बैठकीत हे नाव मी ऐकलं नव्हतं. मानपत्रात तो 'एक दुर्दैवी प्रसंग' होता, आणि ते शब्द माझे होते.

"ठेवली होतीच की मी ती ओळ," मी म्हणाले. "कळूनच ठेवली."

"हो. अकरा जणांच्या सह्यांखाली ठेवलीत," मालन म्हणाली. "तुमची सही नव्हती ना त्यावर."

चहा आला. तिनं तिचा कप घेतला, पिऊन झाल्यावर धुऊन ठेवला, आणि बारशाची पत्रिका पुन्हा उघडली. संध्याकाळी घरी जाताना ती रोज "येते ताई" म्हणायची. त्या दिवशी "जाते" म्हणाली. 

सोमवारी मी कोल्हापूरला गेले, जे पाहिलं ते लिहून दिलं. वकील म्हणाले, उशीर झालाय, पण उपयोग होईल. पुढच्या दहा दिवसांत जालिंदर सुटला. खोटी कबुली दिल्याबद्दल न्यायाधीशांनी त्याला चार शब्द सुनावले, ते त्यानं खाली मान घालून ऐकले. महिनाअखेरीला मालननं नोकरी सोडली. भांडण नाही, काही नाही. तहसील कचेरीसमोर एक कॉम्प्युटर टाकून ती अर्ज टाईप करून द्यायला लागली. धंदा चांगला चालतो तिचा. माझ्याकडून पत्रिका छापून नेते, मला 'मॅडम' म्हणते.

यालाही आता पंधरा वर्षं झाली. लोक अजून कधीतरी त्या निकालाचा विषय काढतात आणि या प्रकरणात कुणाकुणाला काय भोगावं लागलं ते सांगत बसतात. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. माझा असा: बावडेकरची तीन वर्षं दिल्लीत दीड झाली आणि चांगल्या वर्तणुकीनं त्याहून कमी, आता तो मालिकेत आजोबांचं काम करतो. तात्यासाहेबांचं 'तहहयात' गेलं, पण त्यांच्या जागी डॉक्टर आले आणि त्यांनी तात्यासाहेबांना 'मार्गदर्शक' करून घेतलं. त्यांच्या मुलीला काम मिळालं नाही, ती बँकेत लागली, ते बरंच झालं. आनंदा शेवाळेचं जे गेलं ते कुठल्याच बाजूला मांडता येत नाही. जालिंदरचे चौदा महिने गेले. त्यातले पहिले काही त्याच्या स्वतःच्या खोटेपणाचे होते, तो स्वतःच तसं म्हणतो. उरलेले माझ्या गप्प बसण्याचे होते, आणि तेही त्यानंच भरले.